मी कोरी नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. जुनी म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल, खुशाल मुरडा. माझ्या पोटात एका बँडचा अख्खा कार्यक्रम आहे. म्हणजे होता. आता बराचसा आहे.

कारखान्यातून मी कोरी करकरीत निघाले आणि मला कर्ण्याने विकत घेतलं. हा बँडचा साउंडवाला. त्याचा आवाज असा की त्याला माइक लागत नसे, म्हणून सगळे त्याला कर्णा म्हणत. बँड प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचा. म्हणजे नेमकं काय, ते शेजाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "यांचं गाणं सुरू कधी होतं नि संपतं कधी, देव जाणे," असं ते म्हणत. एकेक गाणं माझी अख्खी बाजू खाऊन टाकायचं. त्यात ताल सात मात्रांचा, त्यामुळे टाळी धरणाऱ्यांची हमखास फजिती होई.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमधून एक तार थेट माझ्या टेपरेकॉर्डरला जोडली होती. त्यामुळे माझ्यात फक्त वाद्यं आणि माइकवरचे आवाज आले, लोकांचा गलका नाही. दुसऱ्या बाजूवरच्या गाण्यात मध्येच सगळे एकदम थांबत आणि बराच वेळ काहीच वाजत नसे. ते तसंच बसवलेलं होतं. लोकांना वाटलं, संपलं. ते टाळ्या वाजवून उठू लागले. तेव्हा ड्रमर आपल्या माइकमध्ये हसला आणि म्हणाला, "थांबा, अजून संपलं नाही." मग तो एकटा वाजवू लागला. असं वाजवणं माझ्या नशिबी पुन्हा आलं नाही. शेवटी धापा टाकत तो म्हणाला, "झालं. आता संपलं."

माझ्या पाठीवर दोन छोट्या खुंट्या असतात, एका बाजूची एक. खुंटी तोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. कर्ण्याने पहिल्या बाजूवर नाव लिहिलं, तिची खुंटी तोडली, आणि तेवढ्यात त्याला स्पीकर उचलायला हाक आली. दुसरी बाजू तशीच राहिली. त्या एका खुंटीची हळहळ मला अजून वाटते.

पुढे मी ड्रमरच्या घरी राहिले. त्याची मुलगी पाढे शिकत होती. आजोबा यायचे होते, त्यांना ऐकवायला तिचा पाढा भरून ठेवावा असं तिच्या आईच्या मनात आलं. माझ्या दुसऱ्या बाजूवर नाव नव्हतं. तरी त्या माउलीने आधी लावून पाहिलं. पण नेमकी गाण्यातल्या त्या थांबण्यावर मी उभी होते. तिने थोडा वेळ कान दिला आणि म्हणाली, "ही कोरीच आहे गं. म्हण आता."

मला ओरडता आलं असतं तर! पण आमच्यात जेवढं भरलेलं असतं तेवढंच आम्ही बोलतो.

संध्याकाळी ड्रमरने ऐकलं. आईचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "असू दे गं. पोरगी तालात आहे. आम्ही पुन्हा वाजवू, पुन्हा भरू." आईने केसातल्या पिनेने दुसरी खुंटी तोडली. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय!

ते 'पुन्हा' आलं नाही. कीबोर्डवाला नोकरीसाठी दूर गेला, बँड फुटला, ड्रम विकले गेले. एके दिवशी ड्रमरही हे जग सोडून गेला. मी खणात, संपलेल्या सेलांच्या शेजारी पडून राहिले.

मुलगी मोठी झाली. बाबांचं वाजवणं तिला आठवत नव्हतं, म्हणून ती मला आणि आईला घेऊन कर्ण्याकडे आली. त्याने जपून ठेवलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये मला लावलं. गाणं चढत गेलं. मग सगळे थांबले. मुलगी पुढे सरकून बसली. आणि माझ्या पोटातून एक बारीक आवाज आला, "सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस..." आईने पदर डोळ्यांना लावला. पाढा संपला, खट् झालं, ड्रमचे शेवटचे चार ठोके पडले, आणि धापा टाकत तो म्हणाला, "झालं. आता संपलं."

"एवढंच?" मुलीने विचारलं.

कर्णा, ज्याचा आवाज गल्लीभर जायचा, तो हळूच म्हणाला, "एवढंच राहिलंय, बाळा."

मित्रांनो, जुनं काही हाती आलं आणि ते गप्प वाटलं, तर लगेच त्याला कोरं ठरवू नका. अजून थोडं पुढे ऐका. मुलीने मात्र मला मागे फिरवलं आणि तेच पुन्हा लावलं. बाबांचे तेवढे शब्द येईपर्यंत ती आपलाच पाढा ऐकत बसली.