दहा वर्षांचं पॉलिश

भय्यासाहेबांनी पीडब्ल्यूडीत तेहेतीस वर्षं काढली आणि तीन नमुने मागवल्याशिवाय साधा कडीकोयंडासुद्धा पास केला नाही. त्यांनी बांधलेले पूल अजून उभे आहेत. दोन ठिकाणी नाल्यानेच वाट बदलली, त्याला ते काय करणार?

फ्रीगंजातल्या त्यांच्या घराला, पुढच्या खोलीत, दोन सागवानी खिडक्या होत्या. वरखाली सरकणाऱ्या. चौकटीच्या पोटात दोरीला वजनं बांधलेली, त्यामुळे तावदान हवं तिथे थांबायचं. दर दिवाळीला ऑइल पेंटचा हात मारून मारून भय्यासाहेबांनी ते कायमचं थांबवलं होतं. मग त्यांच्या पत्नीच्या, शैलाताईंच्या फुप्फुसांनी काम आवरतं घेतलं, डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या खिडक्या उघडत नाहीत हे वीस वर्षांनी सगळ्यांच्या लक्षात आलं.

गोपाळ मिस्त्रीने आठवडाभरात रंग खरवडला, दोऱ्या बदलल्या. तोवर शैलाताई मधल्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनशेजारी पडून होत्या. त्या खोलीला खिडकी नव्हती, कॅलेंडर होतं. त्यांचं मागणं एवढंच, की पलंग पुढच्या खोलीत टाका. साडेचारला समोरची शाळा सुटते, ती बघत पडेन.

आता कोऱ्या लाकडाला लावायचं काय, एवढंच ठरायचं होतं. भय्यासाहेबांनी सागाच्या तीन पट्ट्या करून घेतल्या, त्यांवर तीन नमुने लावले आणि गच्चीच्या कठड्याला पंधरा दिवस बांधून ठेवल्या. रोज सकाळी वहीत नोंद. लाखेचं पॉलिश पहिल्याच दवाने पांढरं पडलं. अलसीचं तेल निमूट जिरलं. वास जेमतेम, दोन-तीन दिवसांत सुकलं, पण दरवर्षी नव्याने हात मारावा लागणार. पीयूवर, म्हणजे प्लास्टिकसारखा थर धरणाऱ्या पॉलिशवर, मात्र कशाचाच परिणाम नाही. कबुतरांनी दिलेलं मतसुद्धा ओल्या फडक्याने साफ निघालं. दहा वर्षं बघायला नको. फक्त हात तीन, काम पंधरा दिवसांचं, आणि वास इतका, की डॉक्टरांनी पेशंटला तेवढे दिवस घरात ठेवायला सक्त मनाई केली. मुलगी तेजस्विनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, नानाखेड्याला राहायची. तिच्याकडे न्यायचं, असा भय्यासाहेबांनी तोडगा काढला.

"अलसीचं लावा," शैलाताई म्हणाल्या. एका श्वासात त्यांचे तीन-चारच शब्द बसायचे.

"ते वर्षभरच टिकतं."

"पुरे की."

भय्यासाहेबांना ऐकू आलं नाही असं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पीयूच्या बाजूचे मुद्दे पुन्हा पहिल्यापासून मांडले. तू अजून दहा वर्षं या खिडकीशी बसणार आहेस, असं त्यांना म्हणायचं होतं. प्रत्यक्षात ते बारा मिनिटं लाकडात मुरणाऱ्या ओलीवर बोलले.

"अहो," शैलाताईंनी मध्येच विचारलं, "तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी जावई केदार गाडी घेऊन आला. मशीन पुढच्या सीटवर बसलं, शैलाताई मागे.

तेजस्विनीचा फ्लॅट चांगला होता. लिफ्ट होती, खिडकीही होती, आणि खिडकीत शेजारच्या बिल्डिंगची भिंत होती. शैलाताई रोज संध्याकाळी फोनवर एकच विचारायच्या, सुकलं का. भय्यासाहेब कितवा हात चाललाय ते सांगायचे. मध्येच ऐन आश्विनात पाऊस झाला. ओलाव्यात पीयू दुधाळ पडतं म्हणून गोपाळने चार दिवस काम थांबवलं, आणि भय्यासाहेबांना ते मनापासून पटलं. घाईने काम बिघडतं.

अकराव्या दिवशी पहाटे शैलाताई गेल्या. तिसरा हात आदल्या दिवशीच पडला होता.

तेराव्याला पुढच्या खोलीत पंगत बसली. वास पार गेला होता. नातेवाइकांनी आधी शैलाताईंबद्दल आणि मग, थोडं अंतर ठेवून, खिडक्यांबद्दल चांगलं बोलून घेतलं. केदारने एका बोटाने तावदान वर सारलं. ते इतकं अलगद गेलं की तोच ओशाळला. किती वर्षं टिकेल, असं कुणीतरी विचारलं. भय्यासाहेबांनी खरं ते सांगितलं.

पुढच्या सोमवारी त्यांनी गोपाळला बोलावून घेतलं आणि दोन्ही खिडक्या पुन्हा खरवडून अलसीचं तेल लावायला सांगितलं. गोपाळने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"लेकिन साहब, कमी क्या है?"

प्रश्न रास्त होता. झालेलं काम लेखी कारणाशिवाय तोडायला लावणं, हे भय्यासाहेबांनी तेहेतीस वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला. चौकटीवरून हात फिरवला, सांधे पाहिले, तावदान वर करून खालची कड बोटांनी चाचपली, उजेडात तिरकं बघितलं. कुठे बुडबुडा नव्हता. ओघळ नव्हता. मग दुसरी खिडकीही तशीच पाहिली. गोपाळ तोवर फडकं खांद्यावर टाकून उभा होता.

"कमी कुछ नहीं," भय्यासाहेब म्हणाले. "काम एकदम बढ़िया है. निकाल दो."