सुनीतची आई

"अहो सिस्टर, लवकर या! सुई उपटून टाकली यानं!"

वॉर्डातली जुनी आया नवसाबाई ओरडली, तशा सुमनबाई हातातला ट्रे तिथंच ठेवून पुरुषांच्या वॉर्डात धावल्या. खिडकीजवळच्या कॉटवर नवा पेशंट उठून बसायची धडपड करत होता. पोट फुगून ताठ झालेलं, डोळे हळदीसारखे पिवळे, हातापायांच्या काड्या. चादरीवर रक्ताचे थेंब पडले होते. त्याची बायको कॉटच्या पायथ्याशी तोंडाला पदर लावून उभी होती.

"नाव काय यांचं?" सुमनबाईंनी तिला विचारलं.

"लहानू."

"लहानूभाऊ, इकडं बघा. हात सैल सोडा, काही करत नाही मी."

त्यानं मान वळवली आणि त्याच्या डाव्या कानाची अर्धी तुटलेली पाळी सुमनबाईंना दिसली. त्यांचा हात हवेतच थांबला.

"हरसूलकडचे का तुम्ही?"

"व्हय," बायको म्हणाली. "तुमाला कसं ठावं?"

 सुमनबाईंनी त्याचा हात धरला, शीर शोधली, सुई नीट बसवली, वरून चिकटपट्टी लावली. मग चादरी ठेवायच्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं आणि लोखंडी कपाटाला कपाळ टेकवून उभ्या राहिल्या.

हा कान त्यांनी कोर्टात पाहिला होता. प्रत्येक तारखेला त्या मागच्या बाकावर बसायच्या आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मान खाली घालून उभा असलेला हा माणूस त्यांना बाजूनं दिसायचा. त्यानं एकदाही मान वर केली नाही. त्यामुळं त्यानं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

सुनीत त्यांचा एकुलता एक मुलगा. पॉलिटेक्निकला शिकत होता. गिरणाऱ्याला मित्राच्या मळ्यावर गेला होता, तिथून मोटरसायकलवर परत येताना टोमॅटोची पिकअप त्याच्या अंगावर आली. ड्रायव्हर प्यालेला होता. पोलिसांनी घरी येऊन सांगितलं, "जागीच गेला, बाई. त्रास नाही झाला त्याला." त्या एका वाक्याच्या आधारावर सुमनबाई इतकी वर्षं उभ्या होत्या. ड्रायव्हरला शिक्षा झाली, ती भोगून तो सुटला. पुढं त्याचं काय झालं हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मेट्रनला सांगून वॉर्ड बदलून घेता आला असता. त्यांनी घेतला नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लहानूच्या पोटातलं पाणी काढताना डॉक्टरांना हवं ते त्या हातात देत राहिल्या. त्याची कूस बदलली, पाठीला पावडर लावली, ओले कपडे बदलले. कुठं कमी पडू दिलं नाही. फक्त त्याच्याशी बोलायच्या नाहीत. इतर पेशंटना "काय म्हणताय आज?" विचारणाऱ्या सुमन सिस्टर त्या कॉटजवळ आल्या की गप्प होतात, हे नवसाबाईच्याही लक्षात आलं.

हॉस्पिटल मिशनचं. सकाळी राउंडच्या आधी वॉर्डात छोटी उपासना व्हायची. एखादं गीत, बायबलमधला थोडासा भाग, प्रार्थना. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं, नाही त्यानं पडून राहावं. त्या सकाळी बोलायची पाळी सुमनबाईंची होती. येशूनं आपल्या पापांची शिक्षा स्वतःवर घेतली, त्याच्यावर भाव ठेवणाऱ्याला देव मोकळं करतो, असं त्या थोडक्यात बोलल्या. लहानपणी संडेस्कूलमध्ये शिकलेलं, पुढं स्वतः कितीतरी मुलांना शिकवलेलं. तोंडपाठ होतं. बोलताना त्यांची नजर खिडकीकडं गेली नाही.

उपासना संपल्यावर त्या औषधं द्यायला आल्या, तेव्हा लहानूनं पहिल्यांदाच त्यांना हाक मारली.

"बाई, तुमी आत्ता जे सांगलं, ते माज्यासारख्याला बी लागू हाय का?"

"गोळी घ्या."

"घेतो. पन सांगा ना. म्या एक पोरगं मारलंय."

 बायको मैना खाली चहा आणायला गेली होती. बाजूच्या कॉटवरचा म्हातारा घोरत होता.

"गाडीखाली आलं. दारू प्यायलो व्हतो. त्याची सजा झाली, ती भोगली. पन जे केलं ते कोर्टात कोनालाच सांगलं नाय." तो थांबून दम खात बोलत होता. "पोरगं मेलं नव्हतं, बाई. रस्त्याच्या कडंला पडलं व्हतं, आई, आई करत व्हतं. म्या खाली उतारलो. त्यानं माजा पाय धरला. म्या पाय सोडवून घेतला आन् पळालो. उचलून दवाखान्यात नेलं आसतं तं वाचलं आसतं. अजून त्याचा हात हितं लागतो मला." त्यानं चादरीवरून आपल्या पोटरीला हात लावला. "म्हनूनच पितो. पितो तवर लागत नाय."

सुमनबाईंनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

"शुक्रवारी चर्चचे पाळकसाहेब येतात," त्या म्हणाल्या. आवाज आपलाच आहे की दुसऱ्या कुणाचा, त्यांना कळेना. "त्यांना विचारा."

घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत, तशाच खुर्चीवर बसल्या. नवरा शमुवेल एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला. परसात पालकाच्या वाफ्याला पाणी देत होता. हात पुसत आत आला आणि त्यांच्याकडं पाहून थबकला.

त्यांनी सगळं सांगितलं. सुनीत जागीच गेला नव्हता, हेसुद्धा.

शमुवेल भिंतीला धरून खाली बसला. 

"मरू दे त्याला," तो म्हणाला. "तसाच मरू दे. तू उद्यापासून रजा टाक."

"तो विचारतोय, त्याला माफी आहे का."

"तू काय सांगितलंस?"

"पाळकसाहेबांना विचार म्हटलं. अहो, आहे का हो त्याला माफी?"

"मला विचारू नकोस, सुमन." शमुवेलचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "उत्तर मला माहितीये, म्हणूनच विचारू नकोस. चाळीस वर्षं चर्चमध्ये बसलोय मी." थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "प्रभूच्या प्रार्थनेत दुसऱ्याला क्षमा करायची ओळ येते, तिथं तू गप्प होतेस. मी शेजारीच उभा असतो ना. मीही नुसते ओठ हलवतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे ते दोघं एकमेकांशी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही.

सकाळी सुमनबाईंनी नेहमीसारखा इस्त्रीचा युनिफॉर्म घातला. शमुवेल दारापर्यंत आला आणि त्यानं छत्री त्यांच्या हातात दिली.

लहानू रात्रीतून खालावला होता. डॉक्टरांनी राउंडला मैनाला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. ती व्हरांड्यात फोन करत रडत होती. पाळकसाहेब यायला अजून अवकाश होता. सुमनबाईंच्या मनात आलं, याची शुद्ध तोपर्यंत राहील का? त्यानं विचारलं होतं ते पाळकसाहेबांना नाही, त्यांना विचारलं होतं. आणि ज्या उत्तरावर आपण जन्मभर जगलो ते याला न देता आपण त्याला जाऊ दिलं, तर उद्यापासून सकाळच्या उपासनेत कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

त्यांनी स्टूल ओढलं आणि त्याच्या उशाशी बसल्या.

"लहानूभाऊ, तुम्ही काल विचारलंत ना? आहे. तुम्हालाही लागू आहे."

त्यानं डोळे उघडले. "काय करावं लागंल? उपास करू? नवस? आता तं उठता बी येत नाय मला."

"काही करायचं नाही. आपण करून फिटणारं नाहीच ते. येशूनं तुमच्या वाटची शिक्षा भोगली, यावर विश्वास ठेवायचा आणि त्याला सांगायचं, मला पदरात घे. बास."

"येवढंच?"

"एवढंच."

 मुलांना शिकवताना हा शब्द किती गोड वाटायचा. आज आपल्याच तोंडून सुनीतचं मरण कुणीतरी एका शब्दात मिटवून टाकतंय असं त्यांना वाटलं.

लहानू छताकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"येवढं सोपं कसं आसंल, बाई? देवानं माफ केलं, बरं. पन त्या पोराच्या आईचं काय? तिला कोनी इचारलं? तिचं पोरगं गेलं, आन् म्या हितं पडल्या पडल्या मोकळा व्हायाचं? ती माउली कुठं आसंल, तिला कोन सांगंल?"

सुमनबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की हा प्रश्न जगात त्या एकट्याच विचारतात. तोच प्रश्न या माणसाला आतून खात होता.

"तिला कळलंय," त्या म्हणाल्या. "मीच ती."

त्याला समजायला वेळ लागला. मग समजलं. पिवळे डोळे मोठे झाले. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवायचा प्रयत्न केला. सुमनबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"सुनीत नाव होतं त्याचं."

"सुनीत," तो कसाबसा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं. "तुमी माजी कूस बदलली, बाई. माजी घाण काढली. ठावं असून?"

"हो."

"थुकायचं तोंडावर."

"मनात आलं होतं," सुमनबाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी तर फार आलं. पण ऐका. मी तुम्हाला माफ केलं. आतून सगळं झालंय का, ते मला नाही सांगता येत. आज तोंडानं म्हणतेय. उरलेलं देव माझ्याकडून करून घेईल. तुम्ही माझ्यासाठी अडून राहू नका."

मैना फोन संपवून दारात आली होती. तिनं शेवटचं ऐकलं असावं, कारण ती आत न येता चौकटीतच थांबली.

लहानूनं हात जोडायचा प्रयत्न केला, पण एका हाताला सलाइन होतं. सुमनबाईंनी त्याचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. प्रार्थनेचे शब्द सांगायला त्या तोंड उघडणार, तोच तो स्वतःच बोलायला लागला.

"येशूबाबा, म्या लहानू, हरसूलचा. म्या लय वंगाळ हाय. पोराला टाकून पळालो. तू माजी सजा घेतली म्हनं. ही बाई सांगती म्हंजी खरं आसंल. मला घे. आन् हिला दे कायतरी, हिचं लय गेलंय."

"आमेन," सुमनबाई म्हणाल्या. 

त्यानंतरचे थोडे दिवस लहानू शांत होता. दुखायचं, तेव्हा कण्हायचा. पण पोटरी चोळत दचकून उठायचं थांबलं, असं मैनानंच नवसाबाईला सांगितलं. सुमनबाई कॉटजवळ आल्या की तो डोळे उघडून त्यांच्याकडं बघायचा. पाळकसाहेब शुक्रवारी आले, तेव्हा त्याला ओळख राहिली नव्हती. बाप्तिस्मा झालेला नाही, मग हा येशूचा कसा झाला, असं स्टाफमधल्या कुणीतरी विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, "सुमनबाई, तुम्ही होतात ना तिथं? काय म्हणाला तो?" त्यांनी सांगितलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि लहानूच्या कपाळावर हात ठेवून देवाचे आभार मानले.

शनिवारी दुपारी तो गेला. सुमनबाईंनीच त्याला पुसून घेतलं, डोळे मिटवले, हनुवटीला पट्टी बांधली. गावाकडचे लोक आले होते. त्यांच्या रीतीनं ते त्याला गावी नेणार होते. त्याबद्दल सुमनबाईंना काहीच म्हणायचं नव्हतं. गाडीत चढताना मैना वळली आणि पाया पडायला वाकली. सुमनबाईंनी तिला वरच्यावर धरलं. दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग गाडी निघाली.

घरी पोचल्या तेव्हा शमुवेलनं खिचडी केली होती. दोघांची ताटं वाढलेली होती. त्या हातपाय धुऊन येऊन बसल्या.

"गेला?" त्यानं विचारलं.

"गेला."

शमुवेलनं एक घास घेतला. दुसरा हातातच राहिला.

"म्हणजे आता तो," तो अडखळला. "आपण मानतो ते खरं असेल, तर तो आता सुनीतपाशी असणार."

"हो."

"सुनीतनं ओळखलं असेल त्याला?"

 शमुवेलनं घास ताटात परत ठेवला, उठला, मागचं दार उघडून परसात गेला आणि पालकाच्या वाफ्यापाशी पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. सुमनबाईंनी त्याला हाक मारली नाही. त्यांनी त्याच्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि आपलं ताट पुढ्यात तसंच ठेवून, तो आत येईपर्यंत वाट बघत बसून राहिल्या.