होडी गेली नाही

“हात टेबलावर ठेवा, पिशवी खाली,” मी त्या पाठमोऱ्या बाईला सांगितलं आणि बादलीत कोमट पाणी ओतायला वळले. वळता वळता थबकले. ती मान माझ्या ओळखीची होती.

चेहऱ्यावरून मी तिला ओळखलं नसतं. बावीस वर्षांत चेहरे कुठल्या कुठे जातात. पण सहा वर्षं रोज सकाळी त्या मानेच्या मागे बसून मी वल्हं मारलं होतं. चौघींच्या होडीत सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला असतात. मी तिसऱ्या जागेवर, ती चौथ्या. चौथीने लय धरायची आणि बाकीच्यांनी तिच्याबरोबर राहायचं. उजव्या कानाखालचा तीळ अजून तिथेच होता, केस मात्र सगळे पांढरे झाले होते.

“ताई,” मी म्हणाले.

“दारावर तुझं नाव वाचूनच आत आलेय,” ती मान न वळवता म्हणाली. “डॉक्टरांनी हाड ओढून बसवलंय, आता तू प्लास्टर घाल. न्हाणीघरात घसरले. एवढी तळी पालथी घातली, आणि दगा दिला तो बादलीभर पाण्याने!”

मला हसू आलं नाही. मी कापूस आणि पट्ट्या टेबलावर मांडू लागले.

आमच्यात अबोला का होता ते सांगते. त्या वर्षी जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा एका परक्या देशात होती आणि आमची होडी पहिल्यांदाच निवडली गेली होती. त्याच देशातली एक खेळाडू आम्हाला आधी एका स्पर्धेत भेटली होती. तिथे ऐन वेळी माझं वल्हं तडकलं, तेव्हा तिने न मागता स्वतःचं जादा वल्हं आणून माझ्या हातात दिलं. पुढे या मोठ्या स्पर्धेसाठी तिथल्या सरकारने तळ्याकाठचे कोळी रातोरात हाकलले. माणसं कुठे गेली, असं त्या खेळाडूने जाहीरपणे विचारलं, तर तिलाच तुरुंगात टाकलं. पेपरात ते वाचलं आणि मी म्हणाले, त्या तळ्यात मी वल्हं घालणार नाही.

मी शूर वगैरे नव्हते. झोप लागत नव्हती, एवढंच. पण निघायला पंधरा दिवस उरले होते. आमच्या होडीत एकेकीला एकाच बाजूचं वल्हं असतं. राखीव मुलगी होती ती उजव्या वल्ह्याची, माझी जागा डाव्याची. वर्षानुवर्षं एका अंगाने वळलेलं शरीर पंधरा दिवसांत दुसऱ्या अंगाला वळत नाही. होडी गेली नाही. चौथी तेव्हा तेहतीस वर्षांची होती, तिची ती शेवटची संधी. माझा नकार ऐकून ती फक्त “बरं” म्हणाली आणि त्यानंतर आजपर्यंत एक शब्द बोलली नव्हती.

मी तिच्या हातावर कापडी मोजा चढवला, वर कापूस गुंडाळला. पट्टी पाण्यात बुडवली आणि बुडबुडे थांबायची वाट पाहत म्हणाले, “ताई, मला माफ कर. कधी सांगायला धजले नाही.”

“माफीबिफी काही नाही. राग आहे माझा. बावीस वर्षं पोसलाय, चांगला गलेलठ्ठ झालाय. आता म्हातारपणी त्याला कुठे सोडू?” मग तिने विचारलं, “नोकरी टिकली ना पण?”

“टिकली. वडील अंथरुणावर होते तेव्हा तिच्यावरच घर चाललं. पोरगी शिकली, मास्तरीण झाली.” पट्टी पिळून मी पहिला वेढा घेतला. “आपल्या खेळाच्या संघटनेचे सचिव म्हणाले होते, खेळाडू म्हणून मिळालेली नोकरी आहे, इस्पितळाला पत्र पाठवून काढायला लावतो. महिनाभर पोस्टमन इस्पितळात शिरला की मी हातातलं काम सोडून बघायचे. पण मोठ्या मनाचा माणूस! पत्र पाठवलंच नाही. ते निवृत्त झाले तेव्हा मी फुलं घेऊन घरी गेले होते. अजून दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला फोन करते.”

ती एवढी हसली की हात हलला. मी तो दाबून धरला.

“त्या माणसाला? फुलं?” डोळे पुसत ती म्हणाली. “आणि त्याने घेतली?”

“घेतली की. काय झालं?”

“अगं खुळे, पत्र टाइप होऊन त्याच्या टेबलावर पडलं होतं. मी बघितलंय. तुझ्या नावानेच बोटं मोडत गेले होते मी. म्हटलं, हिला चांगली अद्दल घडवा. तर त्याने कौतुकाने ते पत्र मला वाचायला दिलं. तुला नोकरीवरून काढायचं! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, साहेब, आमच्या खेळात एकटीदुकटी नसते. निकालात होडी लागते, नावं लागत नाहीत. नकारही होडीचाच लिहा. तो म्हणाला, मग चौघींवर बंदी येईल. म्हटलं, येऊ दे. चौघींच्या चार नोकऱ्या घालवायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. बंदीवर भागवलं त्याने.”

“आणि बाकीच्या दोघी?”

“पहिली रडली. दुसरीने तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण होडीच्या नकाराच्या कागदावर सह्या दोघींनी केल्या. तुला कळता कामा नये, ही दुसरीची अट. म्हणाली, तिला उपकाराचंही सुख नको.”

बंदी माझ्या एकटीवरच आली असं मी समजत होते. आता मला आठवलं, प्रशिक्षक म्हणून तिची नेमणूक जवळजवळ ठरली होती. पुढे ती नगरपालिकेच्या तलावावर लहान पोरांच्या पोटाखाली हात धरून त्यांना तरंगायला शिकवते, असं ऐकलं होतं. मला वाटायचं, तिची तीच आवड असेल.

“का केलंस गं? एवढा राग असताना?”

“राग तुझ्यावर होता. तुझ्या पोटावर नव्हता.”

माझे डोळे भरून आले. दोन्ही हात प्लास्टरने माखलेले, पुसणार कशाने? तशीच तिच्या मनगटावरून तळवा फिरवत राहिले. नोकरी, वडिलांची औषधं, लेकीची फी, सगळं या बाईने मला दिलं होतं आणि मी फुलं भलत्याच दारात नेऊन ठेवली होती. मी तिला तसं सांगितलं. ताई, माझं घर तुझ्यामुळे उभं आहे, म्हणाले. ती म्हणाली, “बरं, बरं. प्लास्टर गरम लागतंय.”

“वाळताना लागतं तसं.”

थोड्या वेळाने तिने विचारलं, “ती सुटली का? ती वल्हंवाली?”

“सुटली. सात वर्षांनी.”

“सात!” ती म्हणाली. “मी आपली एका स्पर्धेसाठी रडत बसले.”

“तिचं पत्र आलं होतं. ताई, आता लाज वाटते सांगायला. तुरुंगातल्या पहारेकरणीने एकदा चिडून तिला सुनावलं होतं म्हणे, तुझ्यापायी एक होडी आलीच नाही. पत्रात तिने चौघींचे आभार मानले होते. चौघींना सांग, असं लिहिलं होतं. मला वाटलं, तिला नीट माहिती नाही. एकटीने केलं मी, आणि श्रेय चौघींत वाटलं गेलं. जरा वाईटच वाटलं होतं मला. म्हणून कुणाला सांगितलं नाही.”

“काय लिहिलं होतं नेमकं?”

पत्र मला पाठ होतं. “‘त्या दिवसापासून मी भिंतीकडे तोंड करून झोपणं सोडलं. चौघींना माझा नमस्कार सांग.’”

चौथीने आता प्रथमच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चांगल्या हाताने पदराचं टोक माझ्या गालावरून फिरवलं आणि पिशवी उचलली.

“पहिलीला मी सांगते,” ती दारात म्हणाली. “दुसरीला तू स्वतः जाऊन सांग. शिव्या खायची तयारी ठेव.”

“हात लोंबकळत ठेवू नकोस. सूज येईल. बोटं खांद्याच्या वर.”

पुढचा पेशंट आत येईपर्यंत मी खिडकीशी गेले. खाली बसच्या रांगेत ती उभी होती, पांढराशुभ्र हात सरळ वर धरून. पुढची माणसं वळून वळून पाहत होती. तिने हात खाली घेतला नाही.