फ्रीजखालचं गोणपाट

भांडुपच्या त्या दोन खोल्यांत वास सुटला होता, आणि तो अंजनाबाईचाच, हे कुणी न बोलता ठरून गेलं होतं. म्हातारीचं अंथरूण बाहेरच्या खोलीत, सेकंडहँड फ्रीजच्या कुशीला. सकाळ झाली की सून वनमाला नाकाला पदर लावून खिडक्या उघडायची.

"वय झालं की चालायचंच," लेक बळवंत एकदा म्हातारीकडे न बघता म्हणाला. "आये, गावी मोकळी हवा. लवू पुतण्या असला तरी पोटच्यासारखं बघेल. येत्या एसटीनं जा."

वास आपलाच, हे अंजनाबाईलाही खरंच वाटत होतं. अंथरूण ओलं होईल या भयानं दिवस मावळला की ती पाण्याचा घोट घेत नसे. दोनदा न्हायची, पदर हुंगायची, पुन्हा न्हायची. जिच्या सारवलेल्या भुईवरून सांडलेलं शीत उचलून खावं, तिला आता आपल्याच अंगाची शिसारी आली होती.

जायच्या आदल्या दुपारी घरात कुणी नव्हतं; नातू नंदूही शाळेत. वाकळ शिवता शिवता ती गुणगुणत होती,

लेकाच्या घरात, कोपऱ्याएवढी जागा
वाकळ शिवीते, पुरेना गं दोरा-धागा

रीळ हातून सुटलं नि फ्रीजखाली गेलं. हात घातला तर बोटांना काही ओलं, बुळबुळीत लागलं. ओढून काढलं. गोणपाट! काळ्या-हिरव्या बुरशीनं माजलेलं, नाकातले केस जळावेत असं घाण मारणारं. बिलाच्या धाकानं वनमाला रोज रात्री फ्रीज बंद करायची. बर्फ वितळून पाणी गळायचं. ते टिपायला खाली कोंबलेलं हे पोतेरं कुणी कधी पिळलंच नव्हतं.

म्हातारी एकटीच हसली. गोणपाट तिनं सोड्याच्या कढत पाण्यात घातलं, आपटलं, कठड्यावर उन्हात टाकलं. फ्रीजखालची फरशी घासून कोरडी केली. दाराच्या रबराच्या घडीत काळं साचलं होतं, तेही लिंबाच्या सालीनं काढलं.

संध्याकाळी लेक-सून आली तशी ती दारातच म्हणाली, "बळवंता, वास घे रे! घे बघू आता!"

"नाही येत गं," बळवंत चक्रावला.

तिनं फ्रीजखालचं गोणपाट पुढे धरलं. वनमालाचा चेहरा उतरला. "अगं बाई! मीच कोंबलं होतं ते. विसरलेच, आई."

"मगे? वास माझो नव्हतो! आता गावाक नको, मी हयच रवतंय."

वनमाला आत गेली, स्टोला पंप मारू लागली.

"नंदूचं मॅट्रिकचं वर्ष आहे, आये," बळवंत शेवटी म्हणाला. "पोराला टेबल टाकायला तुझा कोपरा लागेल. लवूला कळवूनही झालंय."

अंजनाबाईनं गोणपाटाची घडी घातली.

"मग तसा सांगूचा होता, रे. वासाचा नाव कशाक घेतलास?"

बळवंत वाकला आणि फ्रीज भिंतीकडे रेटू लागला. फ्रीज कधीचा भिंतीला टेकलेला होता.