साक्षीदाराची सही

"इथे सही करा, काका. साक्षीदार म्हणून." डॉक्टरीणबाईंनी शेवटचं पान उघडून पेन पुढे सरकवलं.

कारागिराने पेनाला हात लावला नाही. सही मागणारे नेहमी शेवटचं पान आधी उघडतात. मधली तीस पानं माणसाने वाचू नयेत म्हणून. त्याची उभी हयात शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात गेली होती, आणि साखरेत घोळून बोलणारं गिऱ्हाईक त्याला दारातच ओळखू यायचं.

"काय करणार म्हणालात माझ्या पोरीला?"

"तिच्या जनुकातली एक चूक दुरुस्त करणार. तुमच्या पत्नींना जो मनाचा आजार होता, तोच हिच्यात उतरलाय."

"होणारच, की होऊ शकतो?"

"शक्यता खूप आहे."

"म्हणजे आज पोर धडधाकट आहे." तो पुढे झुकला. "मॅडम, मी मशीन खोलताना प्रत्येक स्क्रूपाशी खडूने खूण करतो. नाही जमलं, तर होतं तसं जोडून देतो. तुम्हाला नाही जमलं तर?"

बाईंची नजर संगणकाकडे वळली. "हा बदल परत फिरवता येत नाही."

"मग दुरुस्ती कसली ही? आणि हिची आई बरी असायची तेव्हा अख्खी गल्ली हसवायची. तेही त्या चुकीतूनच आलं असेल तर? तेही कापणार?"

"ते आम्हाला ठाऊक नाही, काका."

"आत्ता कुठे खरं बोललात."

शेजारी बसलेली एकोणीस वर्षांची मुलगी बापाकडे वळली.

"झालं तुमचं, बाबा? आईला आपण खाटेला बांधायचो. पाय तुम्ही धरायचात, गाठ मी मारायचे. अकरा वर्षांची होते मी. ते आलं का परत फिरवता? उद्या माझी गाठ कोण मारणार?"

मग त्याने खिशातून चष्मा काढला, गठ्ठा ओढून घेतला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"काका, बाहेर लोक ताटकळलेत हो."

"ताटकळू दे. हिच्या आईला इस्पितळात ठेवताना न वाचता सही केली होती मी. ती घरी आलीच नाही."

मुलीने पेनाला टोपण लावलं. खुर्ची बापाजवळ ओढली.

"मोठ्याने वाचा," ती म्हणाली.