न सांगितलेली मुळी

मित्रांनो, मी दगडी खल आहे. दिसायला ओंजळीएवढा, पण उचलून बघा म्हणजे कळेल! माझी मालकीण कुसाबाई; तिच्या सासूनं मला त्र्यंबकेश्वरच्या बाजारातून आणलं. पेठकडच्या पाड्यावर मी साठ वर्षं मुळ्या कुटल्या. कुणाची सूज उतरली की लोक म्हणायचे, कुसाबाईच्या हाताला गुण आहे. मला कुणी विचारत नसे. असो.

तिचा मुलगा चंदर द्राक्षबागेत मजुरीला जायचा. क्रेट उचलून कंबर धरली, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यानं अफूच्या जातीच्या गोळ्या सुरू केल्या. त्या सुटेनात. शेवटी बायको पुतळाबाईनं त्याला नाशिकच्या एका व्यसनमुक्ती दवाखान्यात आणलं. गोळ्या बंद होताच त्याचं नाक गळू लागलं, हाडन्‌हाड ठणकू लागलं. डॉक्टर शुभांगी मॅडमनी सूज आणि ठणका कमी करणारी औषधं दिली. कुसाबाईही मला गाठोड्यात बांधून आली आणि व्हरांड्यात मुळ्या कुटून काढा देऊ लागली. चौथ्या दिवशी चंदर शांत झोपला. मी मनातून फुगलो.

मॅडमनी माझ्यात बोट फिरवून वास घेतला.

"आजी, गुण दिसतोय. पण यात काय काय आहे ते सांगा. माझ्या गोळ्यांशी याचं जमलं नाही तर पोटात रक्तस्राव होईल."

"नाव सांगितलं का मुळीचा गुण जातो, बाय. माझ्या सासूनं मरताना सांगितलं, ते बी मलाच."

दोन दिवसांनी चंदरला रक्ताची उलटी झाली. काढ्यात काय आहे ते ठाऊक नाही, म्हणून मॅडमना दोन्ही औषधं थांबवावी लागली. रक्त थांबलं, पण ठणका दुप्पट झाला. पुतळाबाई सासूला आत्या म्हणायची. तिनं पाय धरले.

"आत्या, सांगा ना! त्यांना नाय सोसवत."

कुसाबाईनं पाय सोडवून घेतले. मला तिचा फार राग आला.

औषधं थांबल्याच्या तिसऱ्या दिवशी चंदर चहाला म्हणून बाहेर पडला. त्यानं त्याच अफूच्या जातीच्या गोळ्या मिळवल्या आणि पूर्वीइतक्याच घेतल्या. एवढ्या दिवसांत अंगाची सवय मोडली होती. आता तेवढ्या गोळ्या त्याला झेपणाऱ्या नव्हत्या. तो जिवंत परत आलाच नाही.

मग कुसाबाईनं मॅडमच्या टेबलावर एकेक मुळी मांडली, नावं सांगितली. त्यातली एकच रक्त पातळ करणारी निघाली. "ही एवढी वगळून बाकीचा काढा देता आला असता, आजी," मॅडम म्हणाल्या. पुतळाबाई दारातच उभी होती.

तेव्हापासून मी पाड्यावर पालथा पडून आहे. कुसाबाई माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, डॉक्टरांनी विचारलं तर घरचा काढा, मुळी, गोळी, काहीही लपवू नका. ती सारी नावं मला पाठ होती. मॅडमचं बोट माझ्या पोटात होतं आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.