पिशवी नसलेल्या बाईचा गर्भदोष

चिंचोटीच्या रस्त्याला एका रिकाम्या गोडाऊनमध्ये गर्भजल महाराजांचा दरबार भरतो. त्या रविवारी आत पाय ठेवायला जागा नव्हती. पोटुशा बायका, त्यांच्या सासवा, आणि दाराबाहेर चपला राखत उभे नवरे. हिंदू होत्या, ख्रिस्ती होत्या. देव वेगवेगळे लागतात, बाबा मात्र सगळ्यांना मिळून एक पुरतो.

महाराज कूलरची सगळी हवा एकट्याने खात बसले होते.

"डॉक्टर काय करतो? सुई टोचतो! सुई म्हणजे लोखंड. लोखंडानं जळ फुटतं, जळ फुटलं की जीव निसटतो. डीएनए, डीएनए म्हणून घाबरवतात. डीएनए म्हणजे काय? देव, नियम, आज्ञा! ते आम्हाला नुसत्या हातावरून कळतं."

माना डोलल्या. माझ्या शेजारी माझी भाची क्षितिजा पोटाशी हात धरून बसली होती.

तिचं पहिलं बाळ जन्मलं तेव्हा गुटगुटीत होतं. चार दिवसांत दूध ओढेना, नुसतं झोपायचं. दुपट्याला पाक करपल्यासारखा वास यायचा. बारशाच्या आधीच गेलं. दुधातलं काही पचवणारा एक घटक त्याच्या अंगात तयारच होत नव्हता. आईबाप दोघं धडधाकट, पण दोष दोघांकडून थोडा थोडा आलेला. दर खेपेला चारात एक धोका. म्हणून या वेळी डॉक्टरांनी सोमवारी गर्भजल तपासायला बोलावलं होतं.

आणि तिच्या सासूबाई, जयवंतीबाई, रविवारीच तिला इथे घेऊन आल्या.

"विहीणबाई, महाराज शुद्ध म्हणाले तर सुई कशाला?" त्या मला म्हणाल्या. "एक गेलंय. दुसरं सुईनं घालवायचं का?"

या बाईला दुष्ट म्हणता येत नाही, हीच पंचाईत. गेलेल्या नातवाच्या दुपट्यांच्या घड्या अजून त्यांच्या कपाटात आहेत.

क्षितिजाचा नंबर आला. महाराजांनी तिच्या तळहाताला भस्म चोळलं आणि पिवळ्या पाण्याच्या वाडग्यात हात बुडवायला लावला. पाणी लालभडक झालं. बायका किंचाळल्या.

"रक्तदोष!" महाराज गरजले. मग लिंबू कापून पिळलं. लाल पाणी पुन्हा पिवळं. "गेला! गर्भ शुद्ध! आता सुई लावाल तर पाप तुमचं."

जयवंतीबाई रडत पाया पडल्या. क्षितिजा उठेचना.

मी पदर सावरून पुढे झाले. "महाराज, माझाही हात बघा."

"या वयात, मावशी?" मागून कोणीतरी खिदळलं.

"देवाची लीला," मी म्हटलं.

महाराजांना लीला नाकारणं परवडणारं नव्हतं. भस्म चोळलं, तेव्हा हाताला ओळखीचा बुळबुळीतपणा लागला. पानाचा चुना! नव्या वाडग्यात हात बुडवला. पाणी लाल.

"घोर दोष! पोटातला जीव तळमळतोय."

"कुठे तळमळतोय, महाराज? माझी पिशवी काढून सात वर्षं झाली."

असा हशा उसळला की पत्रे वाजले.

"मागल्या जन्मीचा जीव..." महाराज चाचरले.

मी वाडग्यातलं पाणी हुंगलं. हळद. "बायांनो, हळदीचा डाग धुताना काय होतं गं?"

किनाऱ्याकडची फ्लॉसी पटकन उठली. "साबन लावला का लाल होते! मंग लिंबू चोलला का परत पिवला. अगो बाय, आमी रोज धुते की!"

साबण काय, चुना काय, दोन्ही हळदीला लाल करतात. लिंबू परत पिवळं करतं. धुण्याच्या दगडावर शंभरदा पाहिलेलं, पण कफनीसमोर एकीलाही आठवलं नाही. मला तरी हात चुन्यात गेल्यावरच आठवलं.

"शक्तीचा अपमान!" म्हणत महाराज भस्माची डबी आवरू लागले. काही जणी तरीही बसूनच राहिल्या. असतात.

"मावशी, उद्या येशील माझ्याबरोबर?" क्षितिजाने विचारलं.

गेलो तिघी. बाळ ज्या पाण्यात पोहतं, त्यात त्याच्या पेशी गळलेल्या असतात. सोनोग्राफीत बघत बघत डॉक्टरांनी बारीक सुईने ते थोडंसं पाणी घेतलं. थोडा धोका आहे, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. जयवंतीबाईंनी सुनेचा हात सोडला नाही.

काही दिवसांनी रिपोर्ट आला. बाळाला तो आजार नव्हता.

"म्हणजे आता सगळं छान ना?" जयवंतीबाईंनी विचारलं.

"हा एक आजार नाही," डॉक्टर म्हणाले. "बाकीचं मी आज सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर त्या हिरमुसल्या. "एवढंच? महाराज तर सगळंच सांगत होते."

"खरं बोलणाऱ्याला एवढंच सांगता येतं, विहीणबाई."

तुम्हालाही तेच सांगते, बायांनो. सगळं कळतं म्हणणाऱ्यापुढून उठा. जो म्हणतो, मला इतकंच कळतं, पुढचं माहीत नाही, त्याच्यापुढे विश्वासाने बसा.